दोन ओढ्यांमधली सोंड

सारीमुल्यो, लाम्पुंग
शनिवार, बाजारवार क्लिवोन, १२ ऑगस्ट १९६१

लेगिमान भावा,

आम्ही चौघंही पोचलो. तू स्टेशनवर आला नाहीस ते बरंच झालं, तिथे नुसती रडारड होती. आगगाडी, मग जहाज, मग लॉरी. लॉरीत तुझे दाजी इतके ओकले की ड्रायव्हर म्हणाला, "काका, पोटात थोडं राहू द्या, तिकडे जेवण उशिरा मिळतं."

सरकारनं शब्द पाळला. दोन हेक्टर जमीन मिळाली, झाडं अजून आपणच तोडायची आहेत. सगळं सपाट. मुर्तिनी म्हणते, "आई, इथे हातातून काही पडलं तर घरंगळत जातच नाही." सोळा वर्षांची झाली तरी बोलणं तसंच. धाकट्या गिनोला दोन दिवस ताप होता, उतरला. जंगलात हत्ती आहेत म्हणतात, आम्ही काही पाहिले नाहीत. मे महिन्यात मेरापी डोंगर फुटून अर्धी वाडी जळाली तेव्हा इकडे यायला सरकारकडे नाव घातलं ते योग्यच केलं, असं तुझे दाजी रोज सकाळी म्हणतात. मी ऐकून घेते.

आता माझ्या गाईचं सांग. मेंदुंगला साडेपाच महिने झाले असतील. तिला वरच्या अंगाच्या गवताला नेऊ नकोस, राख पोटात जाते. गवत कापून आण, ओढ्यात धू आणि मग घाल. आळस करशील, मला माहीत आहे. वासरू झालं की पहिलं तुझं, असं ठरलंय ते माझ्या लक्षात आहे.

आपले डोंगरआजोबा कसे आहेत ते खरं लिही. आम्ही निघालो त्या दिवशी डोंगराच्या तोंडाशी लाल दिसत होतं.

तुझी ताई,
पोनियेम


केदुंगसारी वाडी
बुधवार वागे, २० सप्टेंबर १९६१

पोनियेम ताई,

तुझं पत्र महिन्यानं मिळालं. दाजींच्या ओकण्याचं वाचून सुरीप इतकी हसली की शेजारच्या बायका विचारायला आल्या. हसू दे. तिला चौथा महिना चालू आहे. लग्नाला आठ वर्षं झाली, आम्ही आशा सोडली होती, आणि डोंगर फुटला त्याच महिन्यात हे घडलं. लोक म्हणतात, आजोबांनीच दिलं.

आजोबा शांत आहेत. सकाळी जरा धूर सोडतात. म्हातारा माणूस, खोकणारच. घराचं छप्पर मी नवीन घातलंय. मेंदुंग खाऊनपिऊन मस्त आहे. तिचं पोट बघून सुरीप म्हणते, "आधी कोण मोकळी होते बघू, ती का मी." गवत धुऊनच घालतो. यंदा ऊन फार आहे, खालचं गवत वाळून गेलं, तेव्हा थोडं वर जावं लागतं, पण फार वर नाही.

तुझं पत्र सुरीपनं दोनदा वाचून घेतलं. काही घरंगळत नाही, हे तिला फार आवडलं. म्हणाली, "मग आपणही तिकडेच जाऊ की. मूल रांगायला लागलं तर निदान कड्यावरून जाणार नाही." मी म्हटलं, बघू.

गिनोला सांग, मामानं त्याच्यासाठी रानकोंबड्याची पिसं ठेवली आहेत.

तुझा,
लेगिमान


सारीमुल्यो
शनिवार पाहिंग, २८ ऑक्टोबर १९६१

लेगिमान भावा,

तुझं पत्र वाचून जिवाला थंडावा मिळाला. सुरीपला म्हणावं, ओझी उचलू नकोस, आणि कोणी काही म्हटलं तरी पोटभर खा.

आमचं चांगलं चाललंय. मका कमरेएवढा झालाय. तुझे दाजी जरा वाळलेत, इथल्या पाण्यानं होतं तसं. गिनो तुझी आठवण काढतो.

आता मुद्द्याचं. मी मुर्तिनीला तुझ्याकडे पाठवतेय. पोरीचं इथे मन लागत नाही. लग्नाचं वय झालं, आणि इथे कोणाचं घर कसं, कोणाचं कूळ कोणतं, काही कळत नाही. तिकडे ओळखीतलं बघता येईल. इथून परत जायचा परवाना मिळत नाही, गावप्रमुख सगळ्यांचे कागद पेटीत कुलूप लावून ठेवतो. पण आपला सास्त्रो सुतार आणि त्याची बायको कागदाविना पायीच निघालेत. पाच दिवसांची जंगलातली वाट आहे, पुढे बंदरावर सास्त्रोचा मेव्हणा हमाल आहे. त्यांच्याबरोबर ती उद्या पहाटे निघेल. म्हणजे हे पत्र आणि ती, कोण आधी पोचेल सांगता येत नाही.

डोंगर शांत आहे असं तू लिहिलंस म्हणूनच धीर झाला. नाहीतर पाठवली नसती.

तिला इथलं फार विचारत बसू नकोस. मुलीची जात, काहीबाही सांगेल.

पोनियेम


तंबाखूचं गोदाम, छावणी
शनिवार क्लिवोन, २५ नोव्हेंबर १९६१

ताई,

वरचा पत्ता वाचलास ना? आता खरं लिहितो.

तुझं पत्र आज सकाळी आलं. मुर्तिनी अजून आलेली नाही. ती निघाली नसेल, सुताराची बायको आजारी पडली असेल, काहीतरी झालं असेल आणि पोरगी तुझ्यापाशीच असेल, असं मनात धरून लिहितोय. तसं असेल तर पाठवू नकोस.

वाडी ऑगस्टपासून बंद आहे. मागचं पत्र मी इथूनच लिहिलं होतं. इथे एका गोदामात चाळीस घरं आहेत, मधे चटया टांगलेल्या. तंबाखूच्या वासानं सुरीपला अन्न ठरत नाही. वर राहायला बंदी, पुलावर शिपाई बसवलेत. छावणीत जनावर आणू देत नाहीत. बाकीच्यांनी गुरं विकली. मेंदुंग तुझी, म्हणून मला विकता येत नाही, आणि वर बांधलेली, म्हणून सोडता येत नाही. मी रोज तंबाखूच्या शेतातून चोरवाटेनं वर जातो, गवत कापतो, तिला पाणी दाखवतो आणि दुपारच्या आत उतरतो. सुरीप म्हणते, "तुझी बहीण गाय ठेवून गेली का तुझ्या गळ्यात दोरी बांधून गेली?"

आजोबा शांत नाहीत. आठ दिवस झाले, तापलेले धोंडे सुटताहेत. काल पश्चिमेच्या ओढ्याला कढत चिखल आला, त्याची वाफ इथून दिसत होती.

आणखी एक. लाम्पुंगच्या पुढच्या नोंदणीत मी आमचं नाव घातलंय. मार्चमध्ये जहाज आहे. तू लिहिलेलं वाचून सुरीपनं धोशाच लावला होता. मेंदुंग व्याली की तिची काही सोय लावायची आणि निघायचं, असं ठरलंय.

आजपासून मी बाजाराच्या फाट्यावर बसतो. मुर्तिनी आलीच तर तिथूनच येईल.

लेगिमान


सारीमुल्यो
मंगळवार क्लिवोन, ५ डिसेंबर १९६१

लेगिमान,

गावप्रमुखाकडे रेडिओ आहे. आज तो म्हणाला, मेरापी पुन्हा फुटला. कुठल्या अंगाला, ते त्यानं ऐकलं नाही. त्याला म्हटलं, माझी पोर तिकडे गेली आहे, कागद द्या, मला जाऊ द्या. तो म्हणाला, "बाई, तुमची पोर तर माझ्या वहीत इथेच आहे."

इथून कुठे जाऊ? चहूबाजूंनी जंगल, आणि तुझ्या दाजींना उठून बसवत नाही.

मुर्तिनी पोचली का, एवढंच लिही. दुसरं काही लिहू नकोस. कागद नसेल तर बिडीच्या वेष्टनावर लिही.

पोनियेम


छावणी
मंगळवार पाहिंग, १२ डिसेंबर १९६१

आई,

मी मुर्तिनी. मी जिवंत आहे, मामाही आहे. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

सास्त्रोकाकांनी मला गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी दुसऱ्याच फाट्यावर सोडलं. मामा बाजाराच्या फाट्यावर बसला होता म्हणे, आणि मी तंबाखूच्या शेतांमधून सरळ वर गेले. कोणी अडवलं नाही, कारण कोणी नव्हतंच. वाडीत आले तर दारं उघडी, आत राख. नवीन छप्पर वगैरे काही नव्हतं, आई. अर्धं घर जळकंच होतं. पण मेंदुंग गोठ्यात होती आणि तिच्यापुढे ताजं गवत होतं, म्हणून मला वाटलं, मामा शेतात गेला असेल. मी अंगण झाडलं, चूल पेटवली, तुम्ही दिलेला मका उकडला आणि वाट बघत झोपून गेले.

सोमवारी सकाळी मामा आला. चुलीचा धूर बघून त्याला वाटलं, घर पेटलं. मला बघून त्यानं विळा टाकला. म्हणाला, "ऊठ, चल." पण तेवढ्यात मेंदुंगनं पाय पसरले. ती व्यायला लागली होती. मामा एकदा डोंगराकडे बघे, एकदा तिच्याकडे. मी म्हटलं, "मामा, मी एकटी जात नाही." तो म्हणाला, "तू अगदी आईवर गेली आहेस," पण चांगल्या अर्थानं नाही.

वासरू बाहेर आलं आणि डोंगर वाजला. केसाळ मेंढरं उतरली, आई. मे महिन्यात लांबून पाहिली होती, या वेळी जवळून. राखाडी धगीचा लोट मेंढरांच्या कळपासारखा एकमेकांवर चढत पूर्वेच्या ओढ्यातून खाली गेला. ओढा खोल होता म्हणून वाचलो. माझ्या भुवया जळाल्या. मामानं वासरू खांद्यावर घेतलं, मी मेंदुंगचा कासरा धरला आणि आम्ही डोंगराच्या सोंडेवरून खाली निघालो. तुला माहीतच आहे, सोंडेच्या टोकाला दोन्ही ओढे मिळतात. पूर्वेच्या ओढ्यात तापलेली राख, पश्चिमेच्या ओढ्यात कढत चिखल. मामानं चिखलात एक पाऊल टाकलं आणि ओरडून मागे आला. तळव्याची कातडी गेली.

वर डोंगर, दोन्हीकडे आग. आम्ही त्या टोकावरच्या चिंचोळ्या सपाटीवर बसलो, सोमवारपासून बुधवारपर्यंत. आणि आम्ही एकटे नव्हतो. आधी माकडं आली, पिल्लं पोटाशी धरून. मग दोन भेकरं, एक रानडुकरीण, कितीतरी रानकोंबड्या. साप आले. मग एक बिबट्या आला. पंजे भाजले होते, तो ते चाटत होता. आमच्यापासून वीस पावलांवर बसला. मी मामाच्या पाठीमागे दडले. मामा म्हणाला, "हलू नकोस. त्याला आपली गरज नाहीये." खरंच, त्यानं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भेकर त्याच्यासमोर उभं होतं. सगळेच नुसते श्वास घेत होते. राख इतकी पडत होती की थोड्या वेळानं कोण माकड, कोण माणूस, सगळे एकाच रंगाचे दिसायला लागलो.

आपण कधी दूध पीत नाही, पण मामानं मेंदुंगचा चीक काढून मला पाजला. घट्ट, पिवळा, वर राखेचा थर. दोनदा ओकले, तिसऱ्यांदा राहिला. मंगळवारी पाऊस आला आणि ओढ्यांतून इतकी वाफ उठली की आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो. मेंदुंग वासराभोवती उभी राहिली, जागची हलेना. मामा म्हणाला, "ओढे निवले तरी ही हलायची नाही. वासराला उचललं तर शिंग मारते. आता हिला सोडून जायचं म्हणजे तुझ्या आईला तोंड कसं दाखवू?"

बुधवारी सकाळी बिबट्या उठला. सरळ चालत आला, वासराची मान धरली आणि निघाला. एवढं झटक्यात की मी किंचाळलेसुद्धा नाही. मेंदुंग धावली, पण उशीर झाला. मामानं विळा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मला म्हणाला, "त्याला भूक लागली. म्हणजे डोंगराचं संपलं. ऊठ."

बिबट्या वासरू ओढत पश्चिमेच्या ओढ्यात उतरला. वर साय धरलेल्या चिखलावरून, दगडादगडांवर पाय देत, पलीकडे गेला. मामा म्हणाला, "त्याचे पाय पडलेत तिथेच पाय टाक." मेंदुंग हंबरत त्याच्या मागे आधीच उतरली होती. ज्या गाईला आम्ही दोघं हलवू शकलो नसतो ती आपल्या पायांनी पार झाली. आम्ही तिच्या मागे. पलीकडे रक्ताची रेघ जंगलात गेली होती. मेंदुंग तिथवर गेली आणि थांबली. मग मामानं तिच्या गळ्यात कासरा घातला.

शिपायांनी आम्हाला ओळखलं नाही. गाय बघून एक जण म्हणाला, "जनावर आत नेता येणार नाही." सुरीपमामी एवढं पोट घेऊन बाहेर आली होती. ती म्हणाली, "मग आम्हा तिघांनाही बाहेर बांधा, आम्हीही तसलेच." त्यानं गोदामाच्या मागे जागा दिली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू मला कुराणाची शपथ घातलीस की गिनो गेल्याचं मामाला सांगायचं नाही, हत्तींनी दोनदा मका तुडवल्याचं नाही, बाबांच्या तापाचं नाही. मी नाही सांगितलं. मामा रोज विचारतो, "गिनो केवढा झाला? लाम्पुंगची माती कशी आहे?" मी म्हणते, चांगली आहे. त्यानं गिनोसाठी पिसं जपून ठेवली आहेत, ती मला दाखवली.

मार्चच्या जहाजात त्यांचं नाव आहे. मला रोज वाटतं, जाऊ देत, म्हणजे तू एकटी पडणार नाहीस. आणि मग सुरीपमामीचं पोट दिसतं. मला तोंड उघडताही येत नाही आणि बंदही ठेवता येत नाही. काय करायचं ते तूच लिही.

मुर्तिनी


सारीमुल्यो
शनिवार लेगी, २० जानेवारी १९६२

लेगिमान,

मुर्तिनीचं पत्र परवा आलं. मी ते घेऊन शेताच्या कडेला गेले आणि तिथेच बसून राहिले.

काल तुला एक पत्र लिहिलं होतं. त्यात लिहिलं, या, लवकर या, घर मोठं आहे. सकाळी ते चुलीत घातलं. हे दुसरं.

गिनो सतरा सप्टेंबरला गेला. ताप चढत गेला, तीन दिवसांत संपलं. औषध तालुक्याच्या गावी, आणि गावप्रमुख म्हणाला, लॉरी सोमवारी येते. रविवार होता. सारीमुल्योत आल्यापासून अकरा मुलं अशी गेली. इथे दगड नाही, लेगिमान. खणलं तरी निघत नाही, नुसती लाल माती. त्याच्या उशाशी लाकडाचा खुंट रोवलाय, त्याला वाळवी लागली.

मका कमरेएवढा आला होता हे खोटं नाही, पण तो हत्तींनी खाल्ला, जे खाल्लं नाही ते तुडवलं. आम्ही डबे वाजवतो, मशाली दाखवतो. ते उभे राहून बघतात. त्यांचीच वाट होती ती, आमच्या आधीपासून. तुझे दाजी डिसेंबरपासून अंथरुणाला आहेत. ताप एक दिवसाआड येतो.

तुला खोटं का लिहिलं? तू तिथे राखेत, तुला आणखी कशाला, असं वाटलं. आणि तू मला शांत आजोबा लिहून पाठवलेस. तुझ्या शब्दावर मी पोरीला आगीत धाडली, आणि माझ्या शब्दावर तू पोटुशी बायको घेऊन इथे येणार होतास. तुला बोल लावत नाही. मला लावून घेते.

नाव काढून घे. सुरीपला इथे आणू नकोस. मुर्तिनीला तुझ्यापाशी ठेव, डोंगर कसा आहे ते तिला कळतं. आमचं इथे काय ते होईल. गिनोला टाकून मी तशीही निघणार नाही, आणि दाजींना पाच दिवस चालवणार कोण?

वासरू गेलं ते तुझ्या वाट्याचं होतं. पुढचं घे.

पोनियेम


छावणी
सोमवार पोन, २६ फेब्रुवारी १९६२

पोनियेम ताई,

तुझं पत्र मी आधी एकट्यानं वाचलं, मग सुरीप आणि मुर्तिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. मुर्तिनी रडली नाही, पण नंतर मेंदुंगला धुवायला म्हणून गेली ती खूप वेळानं आली.

सुरीपला मुलगी झाली, सोमवारी, एकोणीस तारखेला. लहान आहे पण आवाज मोठा आहे. नाव अजून ठेवलेलं नाही.

आता ऐक. मी शुक्रवारी नोंदणीच्या कारकुनाकडे नाव काढायला गेलो. तो म्हणाला, या वेळी पुरुषांनी पुढे जाऊन झोपड्या बांधायच्या, बायकामुलं पुढच्या जहाजानं. सगळा प्रवास सरकारी. मी बाहेर आलो, फाटकाशी उभा राहिलो आणि परत आत गेलो. सुरीपचं नाव काढलं. माझं ठेवलं.

सुरीपला सांगितलं तेव्हा ती पोरीला पाजत होती. म्हणाली, "म्हणजे सरकारच्या जहाजानं जाणार आणि चोरासारखा परत येणार." मी म्हटलं, हो, ताई-दाजींना घेऊन. ती म्हणाली, "गाईसाठी रोज जीव धोक्यात घालत होतास, तेव्हा मी बोलले. हे बहिणीसाठी आहे, यावर काय बोलू? जा. पण पोरीला बाप आठवणार नाही एवढे दिवस लावू नकोस." मुर्तिनी तिच्याजवळ राहील. छावणी पावसाळा संपला की मोडणार आहे. लोक म्हणतात, आपण परत वाडीतच जाऊ. मुर्तिनी कोणाला वर न्यायचं आणि कोणाला नाही ते बरोबर ठरवील. राखेवर गवत आलंय, हिरवंगार, मेंदुंग मान वर करत नाही.

तू म्हणतेस, गिनोला टाकून निघणार नाही. काल मी आणि मुर्तिनी पश्चिमेच्या ओढ्यात जाऊन एक दगड आणला. काळा, लांबट, दोन हातांत मावेल एवढा. मुर्तिनीनं त्यावर खिळ्यानं त्याचं नाव कोरलंय. जहाजावर विचारलं तर सांगीन, चटणी वाटायचा आहे. तो आपण त्याच्या उशाशी बसवू. त्यापुढे निघायचं का नाही ते तू ठरव. तिथे उभी राहून ठरव. पत्रात ठरवू नकोस.

सास्त्रो सुताराला भेटलो. पाच दिवसांची वाट त्यानं मला सगळी सांगितली: कुठे पाणी आहे, कुठे हत्तींची वाट आडवी येते, कुठल्या गावात कागद मागत नाहीत. दोन रात्री तो माझ्याकडून पाठ करून घेत होता. आजारी माणसाला आठ दिवस लागतील म्हणाला, पण होतं.

जहाज बारा मार्चला सुटतं. हे पत्र कदाचित माझ्या मागून येईल. आधी आलंच तर गावप्रमुखाला काही बोलू नकोस. तो विचारील तेव्हा सांग, भाऊ राहायला येतोय.

आणि दाजींना म्हणावं, ताप नसेल त्या दिवशी चालायची सवय करायची. आधी दारापर्यंत, मग विहिरीपर्यंत. रोज थोडं थोडं वाढवायचं.

तुझा,
लेगिमान